उतरलात, उतरलास

तुम्ही माझं गाणं ऐकलंच नाहीत. खोटं बोलू नका. ऐकलं असतंत तर तिसऱ्या कडव्याशी तुमचा हात थांबला असता, आणि थांबलेल्या हाताला इतका सुबक गोल काढता येत नाही. तुमचा गोल एका झटक्यात काढलेला, जिथून निघाला तिथंच येऊन टेकलेला, शाळेत भूमितीत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या माणसाचा. त्या लाल गोलात तुम्ही एकच अक्षर पकडलंय, 'स'. समासात लिहिलंय: 'संबोधनदोष. कडवे १ व २ मध्ये तुम्ही, कडवे ३ मध्ये तू. एकवाक्यता करावी.' आणि खाली छापील रकान्यापुढे दोन प्रश्नचिन्हं ठोकून: 'गौरवगीत की शोकगीत? एकच नमूद करावे.' उंटावर बसून शेळ्या हाकायला तुमचं काय जातं? खाली या आणि ते कडवं एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणून बघा. स्वतःच्या बापाला म्हणून बघा.

हे सगळं ती मनातल्या मनात बोलली. हातात तेव्हा सोळा पानांचा फर्मा होता आणि पट्टीनं घडी दाबायचं काम चालू होतं. छापखान्यातून मोठाले कागद येतात, त्यावर सोळा पानं उलटीसुलटी छापलेली असतात, तीन घड्या घातल्या की ती निमूट आपापल्या नंबरावर येतात. या घड्या घालायच्या, फर्मे एकावर एक रचायचे, पाठीतून दोरा घेऊन शिवायचे. एकवीस वर्षं ती हेच करत होती. तिचं शिक्षणही याच टेबलावर झालेलं, तुकड्यातुकड्यानं. कुठल्या कादंबरीची पानं तेहतीस ते अठ्ठेचाळीस, कुठल्या कायद्याच्या पुस्तकाचा मधलाच भाग, कुणाच्या कवितांचा शेवटून दुसरा फर्मा. तिला हजार गोष्टींचं मधलं ठाऊक होतं आणि शेवट जवळजवळ एकाचाही नाही. पलीकडे कटिंग मशीनवर बसणाऱ्या काकांनी तिचं नाव म्हणूनच पंडितीण ठेवलं होतं. पाकीट आलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं, कारण दुसऱ्याचं टपाल बघायला त्यांना फार आवडायचं.

"काय पंडितीण, प्रेमपत्र का?"

"रेडिओवाल्यांचं आहे."

"पास की नापास?"

"पास. उद्या अकराला रेकॉर्डिंग. पण बापाला नीट हाक मारून या म्हणतात. नाहीतर येऊच नका."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद लांब धरला, ओठ हलवत वाचला. "अगं, एक अक्षर तर आहे. 'स'चा 'त' कर आणि मोकळी हो. मी रोज शेकडो पुस्तकांच्या तीन तीन कडा छाटतो, एका तरी लेखकानं तक्रार केलीय?"

"कडा कोऱ्या असतात, काका."

"असं तुला वाटतं," काका म्हणाले, आणि डोळा मारून मशीनकडे गेले. पातं खाली आलं. टेबल हादरलं. तिच्या हातातल्या फर्म्याची घडी एक केसभर तिरकी गेली आणि तिनं तो कागद दातओठ खात पुन्हा उलगडला. घडी एकदा चुकीची पडली की कागद ती विसरत नाही, कितीही दाबा, जुनी रेघ दिसतेच.

गाणं तसं काही मोठं नव्हतं. रेडिओ केंद्र दर रविवारी सकाळी श्रोत्यांची स्वतःची गाणी लावायचं, या वेळचा विषय होता आई-वडील. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तिनं तीन कडवी लिहिली, चाल स्वतःच लावली, म्हणजे फर्मे शिवताना हाताला जो ठेका बसतो तीच. पहिलं कडवं असं होतं:

*तुम्ही नेलंत साऱ्यांना वर,*
*जो तो उतरला आपल्या मजल्यावर,*
*बाबा, तुम्ही कुठे उतरलात?*

दुसऱ्या कडव्यात त्यांचं स्टूल होतं, खाकी सदरा होता, आणि शेवटी पुन्हा तेच, कुठे उतरलात. तिसरं मात्र असं:

*वळ ना रे, हात सोड ना रे,*
*गज गार आहे, इकडे दे ना रे,*
*बाबा, तू कुठे उतरलास?*

बाबा लिफ्टमन होते. नऊ मजल्यांची कचेऱ्यांची इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, कोपऱ्यात गोल स्टूल, भिंतीला पितळी दांडा. एकतीस वर्षं ते त्या पेटीत उभे-आडवे जगले. आडवे म्हणजे काय, दुपारी दोन ते सव्वादोन स्टुलावर बसल्या बसल्या डोळे मिटायचे तेवढंच. घरी आले की म्हणायचे, "दिवसाला दोनशे वेळा वर जातो मी, एवढं प्रमोशन कुठल्या अधिकाऱ्याला मिळतं?" हे म्हणताना चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. बाबांची थट्टा ओळखणं हे घरातल्यांना आयुष्यभर जमलं नाही. हसू आत ठेवून वरून जाळीचं दार ओढून घेतल्यासारखा चेहरा. मागे काहीतरी आहे हे दिसायचं, काय आहे ते नाही. आता त्या माणसाचं काय करायचं, गौरव की शोक? ती घडी दाबत राहिली. गौरव करायचा तर कशाचा, की त्यांनी एकतीस वर्षांत एकही माणूस चुकीच्या मजल्यावर उतरवला नाही? शोक करायचा तर कशाचा? ब्याऐंशीव्या वर्षी गेले, अंथरुणात गेले, लोक म्हणाले सुटले. तिला लोकांचा राग आला होता तेव्हा, आणि स्वतःचाही, कारण ती पण मान हलवून 'हो, सुटले' म्हणाली होती.

जेवणाच्या सुट्टीत तिनं जिन्यात उभं राहून दादाला फोन लावला. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, एका मोठ्या ऑफिसात हेडक्लार्क, आणि हल्ली फोन उचलला की आधी श्वास सोडायचा, म्हणजे समोरच्याला कळावं की आपण किती कामात आहोत.

"हां, बोल."

तिनं पत्र वाचून दाखवलं. दादा मग म्हणाला, "बरोबरच आहे की त्यांचं. तू बाबांना अरेतुरे केलंस? रेडिओवर?"

"गाण्यात केलं."

"गाण्यातच लोक ऐकतात ना, मनातलं कोण ऐकतंय? माझ्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय मी, रविवारी ऐका म्हणून. साहेबांना पण. ते काय म्हणतील, यांच्याकडे बापाला तू म्हणतात? सरळ गौरवगीत लिही. तुम्ही कर. आणि ते लिफ्टचं जरा कमी कर, पहिल्या कडव्यातच कशाला? कष्ट केले, मुलांना शिकवलं, असं काहीतरी घाल."

"मला कुठं शिकवलं? मी नववीतून सुटले."

"म्हणजे आता तेही काढणार आहेस का गाण्यात?"

"नाही रे दादा."

"मग मोठेपणानं संपव. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं."

तिनं फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की दादाला आपण 'रे' म्हणालो. दादाला चालतं. आईला चालतं. देवाला तर तू शिवाय काही चालतच नाही, त्याला कुणी अहो देवा, बसा म्हणत नाही. बापाला चालत नाही. आणि लिफ्टमनला? लिफ्टमनला तूच. तिथं कुणाला संबोधनदोष दिसत नाही. कुणी लाल गोल काढत नाही. तिला वाटलं, ही भाषा ज्यानं केली त्यानं ती नक्की वरच्या मजल्यावर बसून केली असणार, आणि वर जाताना लिफ्टमध्ये तो कोपऱ्यातल्या माणसाला काय म्हणाला असेल, ते तिला ऐकल्यासारखं माहीत होतं.

ऐकलंच होतं तिनं. नऊ वर्षांची होती. बाबा डबा विसरून गेले होते, आईनं तिला पाठवलं. बाबा म्हणाले, आलीच आहेस तर थांब जरा, आणि तिला स्टुलामागच्या कोपऱ्यात उभं केलं. तिथून तिला माणसांचे चेहरे दिसायचे नाहीत, पट्टे दिसायचे, पर्सा, फायली धरलेले हात. आणि आवाज. ए, चौथा. ए, सातवा घे आधी. ए, दार ओढ ना, हवा येतेय. मग एक कारकून आला, नुकताच चिकटलेला असावा, बुटांचे तळवे अजून करकरत होते. "ए, पाचवा. झोपलास का रे?" आणि तिच्या नाकासमोरची ती खाकी पाठ, जी घरी आल्यावर खुर्चीत बसली की सगळ्यांनी आवाज खाली आणायचा, ती पाठ जरासुद्धा न वाकता म्हणाली, "हो, साहेब." न वाकता, हेच तिच्या लक्षात राहिलं. वाकली असती तर तिला रडू आलं असतं आणि विषय संपला असता. त्या आवाजात राग नव्हता, लाचारीही नव्हती. काहीच नव्हतं. रिकाम्या लिफ्टसारखा आवाज, बोलावलं की येणारा.

त्याच संध्याकाळी तिनं घरी लिफ्टचा खेळ मांडला. बाबा जेवत होते. ती त्यांच्या खुर्चीच्या दांडीला लटकून म्हणाली, "बाबा, तू मला पाचव्यावर ने ना." तिला वाटलं होतं बाबा दांडा ओढल्याचं नाटक करतील. बाबांनी घास ताटात ठेवला. "बाहेर जा," ते म्हणाले. "दार वाजव. आत ये. आता बोल." ती बाहेर गेली, दार वाजवलं, आत आली, खुर्चीच्या दांडीला हात लावला. "पुन्हा." पुन्हा गेली. आई म्हणाली, अहो, लहान आहे ती. बाबांनी आईकडे बघितलंही नाही. तिसऱ्यांदा तिनं दार वाजवलं तेव्हा बाबा स्वतः उठून आले, दार उघडलं, आणि नऊ वर्षांच्या पोरीसमोर जरा बाजूला होऊन म्हणाले, "या. बसा." तो टोमणा होता की माफी, हे तिला आज सेहेचाळिसाव्या वर्षीही ठरवता आलेलं नव्हतं. तिनं कानाला खडा लावला एवढं खरं. त्यानंतर तुम्ही म्हणजे तुम्ही. पुढे सतरा वर्षांनी इमारतीत बटणांची लिफ्ट आली, लोक बाबांच्या डोक्यावरून हात लांबवून स्वतःच मजला दाबू लागले, आणि शेवटची दोन वर्षं बाबा त्या चकचकीत पेटीत नुसते बसून होते, तेव्हाही ती घरी त्यांना तुम्ही जेवलात का, तुम्ही औषध घेतलंत का, असंच विचारत राहिली. बाहेरचं जग दिवसभर त्यांचं 'तुम्ही' काढून घ्यायचं, संध्याकाळी घरातल्यांनी ते परत द्यायचं, असा तो न बोललेला करार होता.

तो करार तिनं मोडला. एवढंच तर आहे तिसऱ्या कडव्यात.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई गॅलरीत कपडे काढत होती. आईला चिमटे तोंडात धरायची सवय, त्यामुळे तिचं पहिलं बोलणं नेहमी अर्धवट ऐकू यायचं. "आलं का गं ते पत्र?" असं ती म्हणाली असावी. तिनं सांगितलं. दादाचंही सांगितलं. आईनं चिमटे डब्यात टाकले आणि म्हणाली, "तिसरं म्हणून दाखव परत."

"तुला पाठ आहे."

"तरी म्हण."

तिनं म्हटलं, चालीत नाही, नुसतं. आई हातातली चादर घडी करता करता थांबली. चादरीचं दुसरं टोक आपोआप तिच्या हातात आलं, दोघी मायलेकी समोरासमोर चादर ताणून उभ्या राहिल्या.

"हे दवाखान्यातलं आहे ना?" आई म्हणाली. "वळ ना रे. हात सोड. हे तू त्यांना खरंच म्हणालीस."

"हो."

"मग ते काहीतरी बोलले असणार. तू म्हणाली होतीस, काही बोलले नाहीत म्हणून. वर्षभर विचारतेय मी तुला."

इथं तिला खोटं बोलता आलं असतं. वर्षभर बोललीच होती. पण चादर ताणलेली होती, सोडली असती तर आईचा तोल गेला असता. तिनं सांगितलं.

नववा दिवस होता. बाबांची उजवी बाजू गेलेली, वाचा गेल्यासारखीच, डाव्या हातानं पलंगाचा गज असा धरून ठेवलेला की बोटं पांढरी पडायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर करायचं. पहिल्या दिवशी वॉर्डबॉय आला आणि म्हणाला, "ए आजोबा, हो तिकडे," तशी ती त्याच्यावर खेकसली होती, अहो म्हणा, माणूस आहे. वॉर्डबॉय बिचारा पन्नाशीचा, म्हणाला, "बाई, दिवसाला चाळीस वळवतो, अहो म्हटलं तर वळत नाहीत." ती आणखी चिडली होती. नऊ दिवस ती तुम्ही म्हणत राहिली. बाबा, तुम्ही हात सोडा. बाबा, जरा वळता का? बाबा गज धरून छताकडे बघत राहिले. नवव्या दिवशी दुपारी वॉर्डबॉय नव्हता, आई औषधं आणायला खाली गेलेली, चादर ओली झाली होती, तिची स्वतःची पाठ मोडून आली होती, आणि तिच्या तोंडून ते गेलं. "वळ ना रे बाबा. सोड ना हात." आतून आलं ते. लहान मुलाला म्हणतो तसं, जवळच्याला म्हणतो तसं, कदाचित कंटाळलेला माणूस समोरच्या ओझ्याला म्हणतो तसंही, हे तिनं स्वतःशी कबूल केलं होतं. ती वरून बोलत होती, ते खाली होते. बाबांचे डोळे छतावरून तिच्याकडे आले. नऊ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि स्वच्छ, एक अक्षर न अडखळता म्हणाले, "हो, साहेब." गज सोडला. वळले. दोन दिवसांनी गेले, मधे शब्द नाही.

चादरीची घडी झाली होती. आई तिच्या अगदी जवळ उभी होती, घडीच्या शेवटी येतात तशी.

"थट्टा केली असेल," आई म्हणाली. फार लवकर म्हणाली. "मला नाही का म्हणायचे? मी बाजारातून हे आणा ते आणा लावलं की हो साहेब म्हणायचे. थट्टाच ती."

"चेहरा कसा व्हायचा तुला म्हणताना?"

"त्यांचा चेहरा कधी कळलाय का कुणाला?" आईनं चादर छातीशी धरली. मग एकदम तिचा आवाज बदलला, तिच्यात कधी नसायची अशी धार आली. "बावन्न वर्षं मी त्यांना अहो म्हटलं. अहो, ऐकलंत का. अहो, उठा. तिथंही मी उशाशी बसून अहो अहो करत होते, तू नव्हतीस तेव्हा. ढिम्म हलले नाहीत. आणि तुझ्या एका तू ला वळले. मलाही म्हणता आलं असतं की. कुणी सुचवलंच नाही."

तिला वाटलं होतं सांगितलं की हलकं होईल, झालं भलतंच, स्वतःची अडचण आईच्या गळ्यात बांधून ती मोकळी झाली नव्हती आणि आईही अडकली होती. वळले, हे खरं. पण कशामुळे वळले? पोरीच्या तोंडी शेवटी जवळचा शब्द आला म्हणून, की एकतीस वर्षं त्या शब्दावर हलायची सवय लागलेलं शरीर त्या शब्दावर पुन्हा हललं म्हणून? आपण त्यांना हाक मारली की हुकूम सोडला? आईनं त्या रात्री जेवताना रेडिओचा सेल बदलून ठेवला, रविवारी दगा नको म्हणून. गाणं लागणार हे तिनं धरूनच चाललं होतं. त, स, काहीही असो, लागणार.

शुक्रवारी ती केंद्रावर पोचली ती दुरुस्त न केलेली प्रत घेऊन. दुरुस्त प्रतही पिशवीत होती, 'स'चा 'त' केलेली, रात्री जेवण झाल्यावर बसून चांगल्या अक्षरात लिहिलेली. ती एकदा मोठ्यानं वाचून तिनं लगेच घडी घातली होती. 'वळा ना हो, हात सोडा ना हो.' वॉर्डबॉयनं सांगितलं होतं तेच खरं, याला कुणी वळत नाही. पण ही नाही दिली तर गाणं नाही, आणि गाणं नाही तर त्या नऊ मजल्यांवरच्या कुणाच्याही घरी रविवारी सकाळी ते ऐकू जाणार नाही, ज्यांनी एकतीस वर्षं ए म्हणून हाक मारली त्यांना कधीच कळणार नाही की तो माणूस कुठे उतरला हे अजून कुणाला माहीत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि अकराला दहा कमी.

लाल गोल काढणारे परीक्षक साठीचे होते. तिनं मनात राक्षस रंगवला होता, निघाले एक दमलेले गृहस्थ, चष्मा कपाळावर, टेबलावर अशाच गाण्यांचे गठ्ठे. "या, बसा ना आपण," ते म्हणाले. आपण. फरशी पुसायच्या पाण्यासारखा शब्द, सगळ्यांवरून सारखाच फिरतो. "दुरुस्ती झाली?"

"आधी मला एक सांगा. गौरवगीत म्हणजे काय आणि शोकगीत म्हणजे काय?"

ते हसले, पण चांगल्या मनानं. "सोपं आहे हो. गौरवगीत गेलेल्या माणसाबद्दल असतं. त्याची थोरवी, त्याचं काम. म्हणून तिथं तुम्ही शोभतं. शोकगीत राहिलेल्या माणसाबद्दल असतं. आपलं दुःख, आपला आक्रोश. तिथं तू चालतं, अगदी हृदयातून येतं. आपण दोन्ही एकत्र केलंय, म्हणून ऐकणारा गोंधळतो. गाणं सुंदर आहे, खोटं नाही सांगत."

"आणि गेलेला आणि राहिलेला, या दोघांमध्ये जे झालं, त्याबद्दलचं गाणं कुठं टाकता?"

"तसा रकाना नाही, बाई."

"मग रकाना करा."

"माझ्या हातात असतं तर..." त्यांनी गठ्ठ्याकडे बघितलं. काचेपलीकडे यंत्रावर बसलेल्या मुलीनं मनगटावरच्या घड्याळाला बोट लावून दाखवलं. "हे बघा, मी सुचवतो. शोकगीत लिहू या. पहिल्या दोन कडव्यांतही तू करा. लोकांना आवडतं, डोळ्यांत पाणी येतं. दोन मिनिटांचं काम."

पहिल्या कडव्यातही तू. म्हणजे लिफ्टमध्येही तू. तू नेलंस साऱ्यांना वर. तिच्या कानात करकरते बूट वाजले. तिनं टेबलाची कड धरली आणि बसल्या जागेवरून, आवाज न चढवता, सगळं सांगून टाकलं. कारकुनाचं, दार वाजवल्याचं, गज धरलेल्या हाताचं, आणि ते दोन शब्द. परक्या माणसाला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. मुलगी काचेपलीकडे उभी राहिली होती.

"वडील विनोदी स्वभावाचे होते का?" त्यांनी हळूच विचारलं.

"होते."

"मग थट्टा असेल ती. शेवटपर्यंत विनोदबुद्धी शाबूत, हा तर गौरवच झाला. मग गौरवगीत म्हणता येईल."

"पण त्याआधी दोन दिवस ते दादालाही ओळखत नव्हते."

"अरेरे. मग..." त्यांनी समोरचा गठ्ठा सरळ केला. "मग शोकगीतच."

"म्हणजे ते माझ्याशी बोलले असतील तर एक, आणि मला लिफ्टमधला साहेब समजले असतील तर दुसरं."

"तसंच म्हणावं लागेल."

"त्यांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं तेव्हा. डावा कोपरा वर गेला होता. पण अर्धांगवायूत तोंड ओढलं जातंच. डॉक्टरला विचारलं, तो म्हणतो दोन्ही शक्य आहे. आई म्हणते थट्टा, आणि काल रात्रभर जागी होती. दादाला विचारायची सोय नाही. मी एक वर्ष तो एक चेहरा बघतेय."

"बाई, अकरा वाजले," परीक्षक म्हणाले. आवाज खाली गेला होता त्यांचा. "हे मी कसं ठरवणार?"

"का नाही? पत्रात ठरवलंतच की, न विचारता. दोष म्हणून लिहिलंत. एक तुम्ही धरा किंवा एक तू, म्हणालात. आता धरा ना. इतकी वर्षं इथं बसून लोकांचे मेलेले आईबाप ऐकताय, एवढं तरी कळत असेल तुम्हाला. मी कुठंही जात नाही. त्या मुलीला सांगा बसायला. आणि माझ्याकडे बघून बोला. माझा बाप हसत होता का?"